लहान धावमार्ग, त्यांचे साप्ताहिक आणि शर्यतीची नोंद

एखाद्या खेळाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो साधनांचा. ज्या खेळास राजाश्रय किंवा मोठ्या शहरांतील दैनिकांचा आश्रय लाभला, त्याची साधने विपुल असतात. गावोगावच्या मैदानांवर होणाऱ्या शर्यतींचे तसे नाही. निकाल लागला, बक्षीस वाटले गेले, की त्यांची स्मृती त्या पंचक्रोशीपुरती उरते आणि एका पिढीत तीही पुसट होते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील लहान धावमार्गांवरील मोटार शर्यती व त्यांना वाहिलेले एक साप्ताहिक यांचा परिचय करून द्यावयाचा आहे, आणि त्या अनुषंगाने आपल्याकडील बैलगाडी शर्यतींच्या नोंदीचा विचार करावयाचा आहे.

१

अमेरिकेत एका मैलाहून, म्हणजे सुमारे १.६ किलोमीटरहून, कमी घेराच्या लंबवर्तुळाकार मार्गास ‘शॉर्ट ट्रॅक’ म्हणतात. प्रारंभी असे मार्ग बहुधा मातीचे असत. पुढे त्यांवर डांबर पडू लागले. कनेक्टिकट राज्यातील थॉम्पसन येथील १९४० साली सुरू झालेला मार्ग हा अशा डांबरी मार्गांचा आद्य नमुना मानला जातो. उत्तर कॅरोलिना राज्यातील विन्स्टन-सेलम येथे तर फुटबॉलच्या मैदानाभोवतीच्या पाव मैलाच्या डांबरी पट्ट्यावर १९४९ पासून शर्यती होत आल्या आहेत. मातीवर चाके घसरू देऊन वळण घेण्याचे कौशल्य श्रेष्ठ ठरे; डांबरावर टायरची पकड, गाडीच्या वजनाची वाटणी आणि नेमक्या रेषेने वळण्याचा संयम यांस महत्त्व आले.

तथापि मार्गाच्या पृष्ठभागापेक्षा ह्या शर्यतींचे सामाजिक स्वरूप अधिक लक्षणीय आहे. शनिवारच्या रात्री जमणारे स्पर्धक बहुतांशी जवळपासचेच असत. कोणी गाड्या दुरुस्त करणारा, कोणी शेतकरी, कोणी कारखान्यातील कामगार. आठवडाभर आपला धंदा सांभाळावयाचा, रात्री जागून गाडी सिद्ध करावयाची आणि प्राथमिक फेऱ्यांतून मुख्य शर्यतीत स्थान मिळवावयाचे, असा त्यांचा क्रम असे. प्रेक्षकांत त्यांचे शेजारी व नातलग असत. मोठ्या वृत्तपत्रांना इंडियानापोलिसची वार्षिक शर्यत महत्त्वाची वाटे. आडगावच्या पाव मैलाच्या मार्गावर कोण तिसरा आला, याचे त्यांना कारण नव्हते.

२

ही उणीव भरून काढणाऱ्या पत्रांत ‘नॅशनल स्पीड स्पोर्ट न्यूज’ ह्या साप्ताहिकाचे स्थान अग्रगण्य आहे. न्यू जर्सी राज्यातील रिजवुड ह्या लहानशा गावी १६ ऑगस्ट १९३४ रोजी ते सुरू झाले. त्या सुमारास छोट्या आकाराच्या ‘मिजेट’ मोटारींच्या शर्यतींची लाट नुकतीच उसळली होती. आर्थिक मंदीच्या त्या वर्षांत मोठी स्पर्धा भरविण्यास लागणारे भांडवल दुर्मीळ होते. लहान मार्ग आणि लहान गाडी मात्र परवडण्याजोगी होती. साप्ताहिकाचा जन्म नेमक्या ह्याच काळातला आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

ह्या पत्राचे नाव ख्रिस इकॉनोमाकी (१९२०–२०१२) यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. लहानपणी धावमार्गांवर त्याचे अंक विकणारा हा मुलगा पुढे त्यात लिहू लागला आणि १९५० साली संपादक झाला. पत्राचे खरे बळ विद्वत्तापूर्ण लेखांत नव्हते. ठिकठिकाणच्या वार्ताहरांकडून आलेले निकाल, येत्या शर्यतींचे वेळापत्रक, सुट्या भागांच्या व जुन्या गाड्यांच्या जाहिराती, अपघातांच्या आणि मृत्यूंच्या वार्ता ह्या बारीक टायपातील मजकुरासाठीच वाचक त्याची वाट पाहत. आपले नाव छापून आलेला अंक जपून ठेवणाऱ्या स्पर्धकास आपण साधन-संग्रहाचे कार्य करीत आहोत, याची जाणीव नसे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने ते कार्य तेच होते.

मार्च २०११ मध्ये ह्या साप्ताहिकाची छापील आवृत्ती थांबली. निकाल त्याच रात्री संगणकावर पाहावयास मिळू लागल्यावर त्यांसाठी आठवडाभर थांबण्याचे प्रयोजन राहिले नाही. मात्र सत्तराहून अधिक वर्षांची सलग नोंद मागे राहिली.

अर्थात् अशा पत्राचा पुरावा जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. शर्यत भरविणाराच पुष्कळदा जाहिरातदार असतो, आणि वार्ताहर त्याच मैदानाशी बांधलेला असतो. इकॉनोमाकी स्वतः धावमार्गांवर निवेदकाचे काम करीत. प्रेक्षकसंख्या फुगविण्याचा व मैदानावरील दोष झाकण्याचा मोह अशा ठिकाणी संभवतो. परंतु पारखून घ्यावयास आधी साधन असावे लागते. सदोष नोंदीचा दोष शोधून काढता येतो. अभावाची छाननी करता येत नाही.

३

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. मोहोळ हे पुणे–सोलापूर लोहमार्गावरील तालुक्याचे गाव. सोलापूर, सांगली व सातारा हा खिलार बैलांचा प्रदेश. चपळ पायांसाठी ही जात प्रसिद्ध आहे. बैलांच्या शर्यतींची रूपे महाराष्ट्रात अनेक आहेत. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात चढाच्या घाटात धावणारा बैलगाडा, दक्षिण महाराष्ट्रात सपाट रानातील छकड्यांच्या शर्यती, विदर्भात शंकरपट. बैलाच्या दातांवरून आदत, दुसा असे गट पाडण्याची रीत अमेरिकेतील मोटारींच्या वर्गवारीइतकीच काटेकोर आहे. मालक शेतकरी, प्रेक्षक पंचक्रोशीतले, ईर्ष्या गावागावांतील. शनिवार रात्रीच्या त्या धावमार्गाशी असलेले साम्य सहज दिसून येते.

भेद आहे तो नोंदीचा. सोलापुरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘कल्पतरु’सारखे पत्र निघत होते. एका विषयास वाहिलेली नियतकालिकेही मराठीस नवी नाहीत. १९२० साली निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ प्रारंभी नांगर-यंत्रांच्या प्रसारासाठीच होते. परंतु बैलांच्या शर्यतीची वार्ता यात्रेच्या वृत्तांतात एखाद्या ओळीपुरतीच येत राहिली. कोणत्या वर्षी कोणत्या गावी किती जोड्या धावल्या, अंतर किती होते, कोणते नियम पाळले गेले, किती बैलांना इजा झाली, याची सलग नोंद झाली नाही.

ह्या अभावाची किंमत अलीकडच्या काळात प्रत्ययास आली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टू व बैलगाडी शर्यती यांस मनाई केली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींस सशर्त परवानगी मिळाली. आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. जल्लिकट्टू हा संस्कृतीचा अविभाज्य भाग आहे काय, ह्या प्रश्नास धार्मिक, सांस्कृतिक व सामाजिक अंगांचे सखोल विश्लेषण हवे आणि ते न्यायालयाचे काम नव्हे, असे ह्या निर्णयात म्हटले आहे. हे विश्लेषण कोणी करावयाचे? वस्तुतः ते इतिहासाच्या व समाजशास्त्राच्या अभ्यासकांचे काम आहे, आणि त्यासाठी लागणारी सामग्री तुटपुंजी आहे. परंपरेचा कैवार घेणाऱ्यास सातत्याचा पुरावा हवा. प्राण्यांच्या क्लेशांविरुद्ध बोलणाऱ्यास इजांचा हिशेब हवा. बारीक टायपातील नोंद दोघांच्याही उपयोगी पडली असती.

आज शर्यतींचे थेट प्रक्षेपण यूट्यूबवर होते व ते हजारो लोक पाहतात. परंतु चित्रफीत म्हणजे नोंद नव्हे. तीत तारीख, अंतर, मालकाचे गाव, बैलाचे वय व निकाल शोधता येईल अशा रीतीने मांडलेले नसतात, आणि ती केव्हा नाहीशी होईल याचा नेम नसतो. यास्तव जिल्हा दैनिकांतील जुने यात्रा-वृत्तांत, शर्यतींची हस्तपत्रके, यात्रा समित्यांच्या जमाखर्चाच्या वह्या आणि वृद्ध गाडीवानांच्या मुलाखती ही सामग्री तालुकावार गोळा करणे अगत्याचे आहे. मोहोळ तालुक्यापासून ह्या कामास आरंभ करता येईल. रिजवुडच्या साप्ताहिकाने जे दर आठवड्यास सहज केले, ते आपणास उशिरा व कष्टाने करावे लागणार आहे. तथापि ज्यांनी ते धावणे पाहिले, त्यांच्या हयातीतच ते झाले पाहिजे.