‘अप’ आणि ‘डाउन’ यांची कुळकथा

इंग्रजी ग्रंथ वाचणारा, परीक्षेत इंग्रजी निबंधही नेटका लिहिणारा महाविद्यालयीन विद्यार्थी बोलताना अडखळतो, तो बहुधा अवजड शब्दांपाशी नव्हे, तर ‘अप’, ‘डाउन’, ‘आउट’ अशा चिमुकल्या शब्दांपाशी. आणि ‘गिव्ह अप’, ‘काम डाउन’, ‘फाइंड आउट’ यांच्या याद्या घोकल्या की त्याची जीभ मोकळी होईल, या समजुतीवर आपल्या अध्यापनाचा कारभार दीर्घकाळ चालत आला. या घोकंपट्टीला पर्याय म्हणून अशा प्रयोगांमागची रूपके उलगडून दाखवण्याची जी पद्धत पुढे आली, तिचे कूळ शोधू जाता ते भाषाविज्ञानात सापडते.

१९७९ मध्ये मायकेल रेड्डी यांनी दाखवून दिले की, इंग्रजी बोलणारा माणूस संभाषणाविषयी बोलू लागला म्हणजे विचार ही जणू वस्तू, शब्द ही जणू पेटी आणि बोलणे ही जणू त्या पेटीची रवानगी, अशा एकाच कल्पनेच्या आधाराने बोलत असतो. पुढच्याच वर्षी बर्कलीचे भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी ‘मेटाफर्स वी लिव्ह बाय’ या ग्रंथात रूपकाला काव्यालंकाराच्या दालनातून बाहेर काढून नित्याच्या विचारप्रक्रियेत स्थान दिले. वाद म्हणजे युद्ध, वेळ म्हणजे धन, आनंद वर आणि दुःख खाली. ‘चीअर अप’ आणि ‘फीलिंग डाउन’ ही त्यामुळे एकाच घरातली भावंडे ठरली. १९८१ मध्ये सूझन लिंडनर यांनी तर सॅन डिएगो येथे ‘अप’ आणि ‘आउट’ या दोनच शब्दांवर प्रबंध सिद्ध केला.

मुख्यार्थाला बाध आला असता रूढीने वा प्रयोजनाने दुसरा अर्थ घ्यावा, हे संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त सांगितले असल्यामुळे आपल्या वाचकाला हा विचार सर्वस्वी परका वाटू नये, परंतु रूढ झालेल्या प्रयोगांची आपसातली सोयरीक इतक्या विस्ताराने उलगडण्याचे श्रेय, माझ्या मते, लेकॉफ-जॉन्सन यांनाच दिले पाहिजे.

१९९६ मध्ये झोल्तान कोवेचेश आणि पेतेर साबो यांनी हंगेरियन विद्यार्थ्यांपैकी एका गटाला ‘अप’-‘डाउन’ लागलेल्या क्रियापदांचे केवळ भाषांतर दिले आणि दुसऱ्याला त्यांच्यामागची रूपके उलगडून दाखवली. तेव्हा पूर्वी न शिकवलेल्या प्रयोगांतही योग्य शब्द योजण्यात दुसरा गट सरस ठरला. बोलणाऱ्याला मनातली यादी चाळण्याची उसंत नसते, म्हणून मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो.

मराठी विद्यार्थ्याची अर्धी वाट तर मातृभाषेनेच मळवून ठेवलेली असते: डोके तापते, पारा चढतो, मग माणूस थंड होतो, ‘बॉइल ओव्हर’ आणि ‘कूल डाउन’ यांत त्याला नवे असे फारसे उरत नाही. ‘ईट अप’, ‘यूज अप’ यांपाशी मात्र वाट फुटते. तेथे ‘अप’ पूर्णत्व सांगतो, भांडे भरत काठाशी यावे तसे. आणि मराठी तेच पूर्णत्व ‘टाकणे’ या क्रियापदाने दाखवते, काम हातावेगळे करते: खाऊन टाक, सांगून टाक. ही दोन चित्रे शिक्षकाने फळ्यावर शेजारीशेजारी काढावीत, म्हणजे ‘पिऊन टाक’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला ‘ड्रिंक अप’ म्हणण्यासाठी वही उघडावी लागू नये.