हॉट अँड कोल्ड एसी : नेहमीची देखभाल (चिखली परिसर)

उन्हाळ्यात खोली गार आणि थंडीत उबदार करणारा वातानुकूलक बाजारात ‘हॉट अँड कोल्ड’ या नावाने विकला जातो. बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन मुलूख मानतात; चिखली घाटावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मी. उंचीवर आहे. इथे मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो आणि पौषात पहाटे दहा अंशांच्या आसपास उतरतो. तरी घरोघरी मान अजून कूलरलाच. कूलरची टाकी, खस आणि पंप घरचाच माणूस पाहतो, चैत्रात काढतो, पावसाळ्यात झाकून ठेवतो. एसीलाही तोच हिशेब लावला की तो आजारी पडतो, कारण याचे काम वर्षातून दोनदा सुरू होते.

कार्य : हे यंत्र उष्णता तयार करत नाही, इकडची तिकडे नेते. आत एक कॉइल, बाहेर एक कॉइल आणि दोन्हींतून फिरणारा गॅस. बाहेरच्या डब्यातला, म्हणजे आउटडोअरमधला, ‘फोर-वे व्हॉल्व्ह’ या गॅसचा प्रवाह उलटा करतो. उन्हाळ्यात आतली कॉइल गार आणि बाहेरची तापलेली असते. हिवाळ्यात बाहेरची गार होऊन हवेतली ऊब उचलते आणि आतली तापते. त्यामुळे विजेच्या एका युनिटात साधारण तीन युनिटांइतकी ऊब मिळते, तर साध्या रूम हीटरला एकास एकच. काही यंत्रांत मात्र असा व्हॉल्व्ह नसून विजेची तापणारी तार बसवलेली असते. आपले यंत्र कोणत्या जातीचे, हे आधी पाहावे. तारेच्या यंत्रात सैल झालेले आणि काळे पडलेले जोड तपासणे हेच मोठे काम असते.

सफाईची वेळ : कंपनीच्या पुस्तिकेत महिन्यांचा हिशेब असतो, घाटावर तो मळणीवरून धरलेला बरा. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघते, थ्रेशर चालतात आणि बारीक भुसा गावभर उडतो. तो आउटडोअरच्या फिन्समध्ये, म्हणजे कॉइलवरच्या पात्यांमध्ये, जाऊन बसतो, नेमका थंडी सुरू व्हायच्या तोंडावर. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभऱ्याची आणि गव्हाची मळणी होते, त्या पाठोपाठ ऊन तापते. म्हणून दोन्ही वेळा सर्व्हिस मळणी उरकल्यावर करावी. आधी केलेली पंधरा दिवसांत वाया जाते. वर्षातून एकदाच, होळीच्या आगेमागे कारागीर बोलावण्याची पद्धत नुसत्या गार करणाऱ्या एसीची आहे.

घरी करायचे काम : मुख्य स्विच बंद करून आतली जाळी, म्हणजे फिल्टर, काढावी, साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. वापराच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी आणि मळणीच्या दिवसांत आठवड्याला. हिवाळ्यात जाळीकडे कोणी पाहत नाही, वास्तविक तेव्हा ती अधिक महत्त्वाची. उन्हाळ्यात जाळी तुंबली तर आतल्या कॉइलवर बर्फ धरतो आणि भिंतीवरून पाणी येते, म्हणजे दोष निदान दिसतो. हिवाळ्यात तीच कॉइल तापलेली असते. हवा कमी मिळाली की गॅसचा दाब वाढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि यंत्र मधेच बंद पडते.

कारागिराचे काम : प्लॅस्टिकची झोळी बांधून प्रेशर पंपाने आतली कॉइल आणि ब्लोअर धुणे, ड्रेन पाइप मोकळा करणे, आउटडोअर आतून बाहेर अशा दिशेने धुणे. धार फिन्सवर तिरपी पडली की अ‍ॅल्युमिनियमची पाती वाकतात आणि हवेची वाट बंद होते. शेगाव, जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी वापरू नये, क्षारांनी फिन्स खराब होतात. घाटावर ही अडचण त्या मानाने कमी. पावसाळ्यानंतर आउटडोअरचे झाकण उघडून पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, पाहावाच. मुंग्या, पाली आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी ही बिघाडाची नित्याची कारणे आहेत. स्टॅबिलायझर आणि अर्थिंगही याच वेळी तपासून घ्यावे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहावे लागते.

हिवाळी चाचणी : सर्व्हिस झाल्यावर यंत्र गार आणि गरम अशा दोन्ही तऱ्हांनी चालवून पाहावे. हीटवर टाकल्यावर पहिली काही मिनिटे आतला पंखा फिरत नाही. कॉइल तापेपर्यंत गार झोत येऊ नये म्हणून ती सोय आहे, तो बिघाड नव्हे. थंडीत पाणी आतल्या नळीतून न येता आउटडोअरखाली टपकते, हेही तसेच. बाहेरच्या कॉइलवर हिम धरले तर यंत्र थोडा वेळ उलटे चालून ते वितळवते. चिखलीच्या कोरड्या हवेत असे क्वचितच होते. फोर-वे व्हॉल्व्ह महिनोन् महिने न हलल्यास अडकू शकतो, म्हणून बिनहंगामातही अधूनमधून थोडा वेळ हीट चालवावी.

गॅस : ‘गॅस संपला’ हे वाक्य बाजारात सर्रास ऐकू येते, ते चुकीचे आहे. गॅस पेट्रोलसारखा जळून खर्च होत नाही, बंद नळ्यांत वर्षानुवर्षे तोच फिरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, बहुधा फ्लेअर नटाच्या जोडात. गळती न शोधता दर उन्हाळ्यात टॉप-अप करणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. योग्य क्रम असा : नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधणे, ती बंद करणे, व्हॅक्यूम पंपाने नळ्या रिकाम्या करणे आणि मग यंत्रावरच्या प्लेटवर लिहिल्याइतकाच गॅस वजनाने भरणे. जुन्या यंत्रांत आर-२२ असतो, नव्यांत बहुतेक आर-३२. एकात दुसरा भरता येत नाही. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, तेव्हा बंद खोलीत त्याच्या नळ्यांवर ज्योत लावू देऊ नये. भरलेल्या गॅसचे नाव आणि ग्रॅममधले वजन पावतीवर लिहून घ्यावे.