न झालेल्या भेटीचे चित्र

हिटलर आणि स्टालिन एकमेकांना कधीच भेटले नाहीत. तरीही त्यांच्या भेटीचे एक चित्र इतिहासाच्या पुस्तकांत कायमचे जाऊन बसले आहे. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या डेव्हिड लो यांचे हे व्यंगचित्र २० सप्टेंबर १९३९ रोजी लंडनच्या ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’मध्ये छापून आले.

नाझी आणि साम्यवादी म्हणजे हाडवैरी. पण २३ ऑगस्टला जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांनी अनाक्रमणाचा करार केला. १ सप्टेंबरला जर्मन फौजा पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसल्या, १७ तारखेला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून. कालचे शत्रू आज एका पंगतीला कसे बसले, हे उलगडायला अग्रलेखांना रकानेच्या रकाने लागले असते. लो यांनी दोन माणसे आणि एक प्रेत काढले. दोघे टोपी उंचावून, कमरेत वाकून अभिवादन करतात. तोंडात मात्र जुन्याच शिव्या, अगदी अदबीने उच्चारलेल्या. मधले प्रेत पोलंडचे. मैत्री खोटी, वैर खरे आणि किंमत तिसऱ्याने मोजायची, हे वाचकाला नकाशा न पाहता कळत होते.

पूर्व युरोपची वाटणी ठरवणारा करारातला गुप्त भाग युद्धानंतर उजेडात आला. सोव्हिएत संघ तर १९८९पर्यंत तो नाकारत राहिला. लो यांच्याजवळ कागदपत्रे नव्हती, रोजच्या बातम्या होत्या. त्या शेजारी शेजारी ठेवल्यावर जे दिसले, ते त्यांनी काढले.

सत्ताधाऱ्यांना या भाषेची ताकद कळत होती. १९३७मध्ये लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला गेले, तेव्हा गोबेल्सने लो यांच्या चित्रांबद्दल तक्रार केली. लो यांनी काही काळ हिटलर-मुसोलिनींऐवजी दोघांचे मिश्रण असलेले एक काल्पनिक पात्र रंगवले. वाचकांनी ते ओळखायचे ते ओळखलेच.

हीच चित्रे ‘द हिंदू’मधून भारतात पोहोचत. म्हैसूरमधला एक मुलगा त्यांवरची ‘लो’ ही सही ‘काऊ’, म्हणजे गाय, अशी वाचायचा. पुढे तो आर. के. लक्ष्मण म्हणून ओळखला गेला. मुंबईत ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये त्यांचे सहकारी असलेले बाळ ठाकरेही लो यांना आदर्श मानत.

मात्र या थेटपणाला एक मर्यादा आहे. चित्रात बोलतात ते दोन हुकूमशहाच. पोलंडला तिथे आवाज नाही. लाखो माणसांचा देश एका प्रेतात मावला आहे. महासत्तांचे राजकारण समजावणारे कुठलेही व्यंगचित्र पाहताना म्हणूनच उभ्या माणसांइतकेच जमिनीवर पडलेल्याकडेही नीट पाहावे लागते.