आज्ञावलीतील शोध आणि वगळलेल्या फाइली : एक ऐतिहासिक आढावा

गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड संपादित केले. जे कागद त्यांत आले नाहीत, ते सामान्य वाचकाच्या दृष्टीने जणू नव्हतेच. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात दप्तरे चाळणाऱ्या अभ्यासकास निवडीचे हे सामर्थ्य आणि त्यातील धोका दोन्ही परिचित आहेत. संगणकाच्या आज्ञावलीत शब्द शोधणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न उभा राहिला.

केन थॉम्प्सन यांनी बेल प्रयोगशाळेत तयार केलेला 'ग्रेप' हा प्रोग्राम 1973 मध्ये युनिक्समध्ये आला. वापरणारा ज्या फाइलींची नावे देई, तेवढ्याच तो वाचत असे. त्यामुळे वगळण्याचा प्रश्न फारसा नव्हता. संपूर्ण फोल्डर आतील उपफोल्डरांसह धुंडाळण्याची सोय झाल्यावर मात्र नको असलेल्या ओळींचा पूर आला. सबव्हर्जन या प्रणालीचे उदाहरण बोलके आहे. 2011 मधील 1.7 या आवृत्तीपर्यंत तिच्या कार्यप्रतीतील प्रत्येक फोल्डरमध्ये 'डॉट एसव्हीएन' नावाचा लपलेला फोल्डर असे व त्यात प्रत्येक फाइलीची मूळ प्रत ठेवलेली असे. साहजिकच एकच ओळ दोनदा सापडे. यावर ग्रेपचा निकाल दुसऱ्या ग्रेपमधून गाळून घेण्याची युक्ती रूढ झाली. ती सोपी खरी, परंतु सदोष. नको असलेल्या फाइली आधी वाचल्या जातच, शिवाय वगळायचा शब्द एखाद्या उपयुक्त ओळीत असल्यास तीही गळून पडे. 'फाइंड' या आज्ञेतील 'प्रून' हा पर्याय अधिक शास्त्रशुद्ध होता, कारण त्या फोल्डरात प्रवेशच होत नसे. पण त्याची मांडणी लक्षात ठेवणे कठीण. पुढे ग्रेपमध्येच 'एक्सक्लूड'सारखे पर्याय आले. तेही प्रत्येक वेळी लिहावे लागत.

अँडी लेस्टर यांच्या 'अ‍ॅक'ने (2005) ही जबाबदारी साधनाकडे सोपविली. असे फोल्डर तो आपणहून टाळी. मात्र आरंभीच्या आवृत्त्यांत अनोळखी प्रकारच्या फाइलीही तो मुकाट्याने सोडून देई. नंतर ही पद्धत बदलण्यात आली. अँड्र्यू गॅलंट यांचा 'रिपग्रेप' (2016) प्रकल्पातील 'गिटइग्नोर' यादीलाच प्रमाण मानतो आणि लपलेल्या व द्विमान फाइलीही वगळतो.

येथे एक सूक्ष्म गोंधळ आहे. गिटइग्नोर ही यादी कशाची नोंद ठेवू नये हे सांगते. काय शोधू नये हे सांगण्यासाठी ती रचलेली नाही. मेहरूणमधील एखादा विद्यार्थी 'नोड मॉड्यूल्स'मधील हजारो फाइलींतून सुटतो, हे खरे. पण त्याची चूक यादीतील एखाद्या स्थानिक सेटिंगच्या फाइलीत दडली असेल, तर शोधाचे उत्तर रिकामे येते आणि तो शब्द कोठेच नाही असा त्याचा समज होतो. रिपग्रेपमध्ये 'यू' हा पर्याय एकदा दिल्यास यादी दुर्लक्षिली जाते, दोनदा दिल्यास लपलेल्या फाइलीही उघडतात व तीनदा दिल्यास द्विमान फाइलीही वाचल्या जातात.