वाऱ्यानें वाकविलेलीं झाडें

कादंबरींतील स्थलवर्णन म्हणजे नाटकाचा मागचा पडदा, अशी पुष्कळ वाचकांची समजूत असते. पडदा एकदां पाहिला कीं पुरे. पुढें लक्ष द्यावयाचें तें पात्रांकडे. वर्णनाचीं पानें उलटून संवाद गांठणारे वाचक तर आम्हांस आमच्या विद्यार्थ्यांतही दरसाल भेटतात. अशांच्या हातीं आम्ही एमिली ब्राँटे हिची १८४७ सालीं प्रसिद्ध झालेली ‘वदरिंग हाइट्स’ ही कादंबरी देऊं इच्छितों. तिच्यांतील घर, झाडें व खिडक्या वगळल्या, तर माणसेंही अर्धींअधिक वगळलीं जातात.

‘वदरिंग’ हा उत्तर इंग्लंडच्या बोलींतला शब्द वादळी वाऱ्याच्या घोंघावण्याचा निदर्शक आहे. १८०१ सालीं लॉकवुड हा नवा भाडेकरी माळावरील या घरीं प्रथम येतो. फाटकाला साखळी, एकाच दिशेस कललेलीं खुरटीं झाडें, जाड भिंतींत खोल बसविलेल्या अरुंद खिडक्या, हें सारें त्याच्या दृष्टीस पडतें. घरधनी हीथक्लिफ याचा स्वभाव आम्हांस पुरता कळण्यापूर्वींच त्याची धास्ती मनांत शिरते. खालीं दरींत लिंटन कुटुंबाचा वाडा आहे. तेथें तांबडे गालिचे, सोनेरी किनारीचें पांढरें छत, आणि तशींच सौम्य, नाजूक माणसें. कॅथरीन मनानें माळावरची, पण लग्न करते दरींत. तिची सारी शोककथा या चार मैलांच्या अंतरांत सामावलेली आहे.

कित्येक टीकाकारांना हा ग्रंथ रानटी वाटला. एमिली १८४८ च्या डिसेंबरांत वारली. तिची वडील बहीण शार्लट हिनें १८५० च्या आवृत्तीस प्रस्तावना जोडून उत्तर दिलें कीं, माळावर वाढलेल्या मुलीचा ग्रंथ रानवट होणें स्वाभाविकच होय. हें समर्थन प्रेमाचें खरें. पण त्यानें एमिलीवर नकळत अन्याय झाला, असें आम्हांस वाटतें. जणूं माळानेंच ग्रंथ लिहिला आणि एमिलीनें केवळ लेखणी धरली!

इतिहासाची साक्ष निराळी आहे. ब्राँटे कुटुंबाचें हॅवर्थ हें एकाकी खेडें नव्हतें. लोकरीच्या कापडधंद्यावर जगणारें तें दाट वस्तीचें गांव होतें. १८५० सालीं बेंजामिन बॅबेज या सरकारी निरीक्षकानें तेथील आरोग्याची चौकशी केली, तेव्हां मरणाऱ्यांत शेकडा ४१ हून अधिक मुलें सहा वर्षांच्या आंतील आढळलीं. एमिलीचें घर दफनभूमीस लागूनच होतें. गिरण्यांची, गर्दीची व घाणीची ही दुनिया तिच्या दाराशीं होती. तरी कादंबरींत ती नाहीं. कथेचा काळ तिनें मागें नेला, गांव दूर ठेवलें, आणि वारा, दगड व माळ एवढेंच निवडून घेतलें. पुढें रसिकांनी टॉप विदिन्स नांवाचें एक पडकें घर दाखवून ‘हेंच तें’ म्हटलें. पण कादंबरींतल्या घराशीं त्याचें साम्य नव्हतें, असें तेथें १९६४ सालीं बसविलेली पाटीच सांगते.

ही निवड कशासाठीं, तें हेअर्टनकडे पाहिलें म्हणजे उमगतें. ज्याच्या बापानें आपणांस छळलें, त्या पोरक्या मुलाला ताब्यांत घेतांना हीथक्लिफ मनाशीं ठरवितो, कीं तोच वारा लागला तर हेंही झाड तसेंच वाकडें होतें कीं नाहीं तें पाहूं. पहिल्या प्रकरणांतल्या त्या झाडांचा अर्थ येथें उलगडतो. घराच्या दारावर १५०० हें साल व हेअर्टन अर्नशॉ हें पूर्वजाचें नांव कोरलेलें आहे. पण तेंच नांव धारण करणाऱ्या त्या वारसास तें वाचतां येत नाहीं! जमीन गेली, अक्षरही गेलें.

परंतु एमिली तेथें थांबत नाहीं. धाकटी कॅथरीन त्याला वाचावयास शिकविते. दोघें मिळून जुनीं झुडपें उपटून फुलझाडें लावतात. १८०२ सालीं लॉकवुड परत येतो, तो फाटक हाताच्या स्पर्शासरशी उघडतें व फुलांचा वास येतो. वारा तोच, माळ तोच, घरही तेंच. मनुष्याला परिस्थिति वाकविते हें या कादंबरीनें निष्ठुरपणें दाखविलें. पण मनुष्य झाड नव्हे, त्याला पुनः सरळ होतां येतें, हेंही तिनें त्याच अंगणांत दाखविलें. वर्णनाचीं पानें उलटून जाणाऱ्यास हें दुसरें सत्य कसें भेटावें?