अर्धा मेंदू झोपवणारी चाचणी

रुग्ण टेबलावर उताणा झोपलेला असतो. दोन्ही हात छताकडे उचललेले, तोंडाने एक, दोन, तीन मोजणं चालू. जांघेतल्या धमनीतून वर सरकवलेली बारीक नळी मानेतल्या डाव्या कॅरोटिड धमनीत येऊन थांबलेली असते. डॉक्टर तिच्यातून औषध सोडतात. काही सेकंदांत उजवा हात धप्पकन खाली पडतो आणि मोजणं मध्येच तुटतं. डोळे उघडे असतात, पण समोर धरलेल्या किल्लीचं नाव काही केल्या ओठांवर येत नाही. काही मिनिटं जातात, मग शब्द परतू लागतात; आधी अडखळत, चुकतमाकत, नंतर नीट.

ही वाडा चाचणी. फिट्सवर शस्त्रक्रिया करण्याआधी त्या माणसाची भाषा मेंदूच्या कोणत्या बाजूला आहे ते शोधण्यासाठी निम्मा मेंदू तात्पुरता बंद करून पाहायचा, इतकी सरळ आणि इतकी धाडसी कल्पना. ती निघाली मात्र वेगळ्याच कामासाठी. तिच्या जन्माशी अपस्माराच्या शस्त्रक्रियेचा काही संबंध नव्हता.

प्रश्न जुना होता. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात १८६१ साली पॉल ब्रोका यांच्याकडे एक रुग्ण आला. विचारलं काहीही तरी उत्तर एकच, ‘तां’. तो वारल्यावर मेंदू उघडून पाहिला, तर डाव्या बाजूच्या पुढच्या भागात बिघाड सापडला. असे आणखी रुग्ण पाहून १८६५ पर्यंत ब्रोका यांनी ठामपणे सांगितलं, की आपण बोलतो ते डाव्या मेंदूने. उजव्या हाताच्या माणसांचं असं, तर डावखुऱ्यांचं उलट असणार, हे पुढच्या मंडळींनी परस्पर धरून टाकलं. नियम सुटसुटीत होता म्हणून तो टिकला. नीट तपासून पाहणं सोपं नव्हतं. तपासणार तरी कसा? जिवंत माणसाच्या मेंदूची कोणती बाजू बोलते, हे बाहेरून कळायला मार्गच नव्हता.

शल्यविशारदांना मात्र ते कळल्यावाचून गत्यंतर नव्हतं. औषधांना दाद न देणाऱ्या फिट्स पुष्कळदा कानशिलाच्या आत असलेल्या टेम्पोरल खंडातून उठतात. तो भाग काढला तर फिट्स थांबू शकतात, पण भाषेचा एक मोठा हिस्सा त्याच्या शेजारीच नांदतो. बोलत्या बाजूला टोकापासून चार-साडेचार सेंटिमीटरच्या पुढे जायला डॉक्टर कचरतात. मुक्या बाजूला थोडं अधिक काढता येतं. आधी बाजू ठरवा, मग सुरी उचला, असा हा हिशेब. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या जेम्स गार्डनर यांनी १९४१ मध्ये डावखुऱ्या रुग्णांसाठी एक तोडगा छापला. कवटीला भोक पाडून प्रोकेन हे बधिरतेचं औषध थेट मेंदूत टोचायचं आणि बोलणं थांबतं का ते पाहायचं. युक्ती बरोबर होती, वाट फार खडबडीत.

नीट वाट सापडली सापोरोला, युद्धात हरलेल्या जपानमध्ये. १९२४ साली टोकियोत जन्मलेले जून वाडा तेव्हा होक्काइदो विद्यापीठात काम करणारे तरुण डॉक्टर होते. त्यांना छळणारा प्रश्न मनोविकारांवर दिल्या जाणाऱ्या विजेच्या झटक्यांचा होता. १९३८ मध्ये रोममध्ये सुरू झालेला हा उपचार तोवर सगळीकडे पसरला होता. त्याने रुग्ण सुधारत, पण स्मरण आणि विचार काही काळ गढूळ होत. वाडा यांचा विचार असा, की झटका फक्त भाषा नसलेल्या अर्ध्यालाच दिला आणि दुसरा अर्धा औषधाने झोपवून ठेवला, तर हा त्रास टळेल. त्यासाठी भाषेचा अर्धा कोणता ते आधी ठाऊक हवं. मानेत दोन्ही बाजूंना एकेक कॅरोटिड धमनी असते आणि बहुतांश रक्त आपापल्या बाजूच्या गोलार्धालाच नेते. मेंदूची अशी निम्मी-निम्मी वाटणी शरीराने आयतीच करून ठेवलेली होती.

संधी आली ती एका तरुणाच्या रूपाने. डोक्याला डावीकडे गोळी लागलेली, आणि एकामागून एक येणाऱ्या फिट्स थांबायला तयार नाहीत. वाडा यांनी मानेतल्या डाव्या कॅरोटिडमध्ये सोडियम अमायटल टोचलं. फिट्स थांबल्या. त्याबरोबर शरीराची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. एका इंजेक्शनने आपण या माणसाला कायमचं मुकं तर केलं नाही ना, अशी धास्ती त्या तरुण डॉक्टरला वाटली असेल तर नवल नाही. मग औषध उतरलं. हातपाय हलले, बोलणं आलं. भाषेची बाजू शोधण्याची नवी रीत म्हणून वाडा यांनी १९४९ मध्ये एका जपानी नियतकालिकात जेमतेम दोन पानांचं टिपण छापलं. जपानबाहेर ते कोण वाचणार?

अमायटल हे औषधही मजेशीर निवडलं गेलं. याच काळात ते ‘सत्यवदनाचं औषध’ म्हणून गाजत होतं. माणसाला गुंगीत ठेवून मनातलं ओकायला लावण्यासाठी डॉक्टर आणि पोलीस ते वापरत. शिरेतून दिलं की माणसं बडबडतात आणि योग्य धमनीतून दिलं की गप्प होतात, ही गंमत फारशी कुणी नोंदवलेली दिसत नाही.

१९५० च्या दशकाच्या मध्यावर वाडा कॅनडात माँट्रियलच्या न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये पोचले. वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३४ मध्ये उभारलेली ही संस्था म्हणजे अपस्मार-शस्त्रक्रियेची काशी. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, म्हणून पेनफिल्ड केवळ कातडी आणि कवटीपुरती भूल देत. रुग्ण जागाच राही. उघड्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करायचा, चित्र दाखवून नाव विचारायचं, आणि जिथे रुग्ण अडला तिथे आकड्याची चिठ्ठी ठेवायची. अशा चिठ्ठ्यांनी भरलेल्या मेंदूचे फोटो आजही पाठ्यपुस्तकांत असतात. पण कवटी उघडल्यावरच कळणारी ही माहिती फार उशिरा हाती येई. शस्त्रक्रिया करावी की नाही, हेच जिथे आधी ठरवायचं असतं, तिथे वाडा यांची सुई कामाची होती. माँट्रियलच्या थिओडोर रास्मुसेन यांच्याबरोबर त्यांनी आधी प्राण्यांवर आणि मग रुग्णांवर ती तपासली. १९६० मध्ये दोघांचा इंग्रजी लेख आला आणि चाचणी जगाची झाली. विजेच्या झटक्यांची मूळ गोष्ट तोवर मागे पडली होती.

या कुळात आणखी एक मोठी व्यक्ती आली, मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर. पेनफिल्ड आणि मिल्नर यांनी १९५५ मध्ये दोन रुग्णांची हकीकत मांडली होती. दोघांचा डावा टेम्पोरल खंड काढला आणि नवं काही लक्षात ठेवण्याची त्यांची शक्तीच हरपली. एकाच बाजूची शस्त्रक्रिया, मग असं का? मिल्नर यांचा कयास होता, की दुसरी बाजू आधीपासूनच नादुरुस्त असणार. पुढे त्यातल्या एकाचं शवविच्छेदन झालं, तेव्हा उजवा हिप्पोकॅम्पस, म्हणजे टेम्पोरल खंडाच्या आतला स्मरणाशी निगडित भाग, खरोखरच आक्रसलेला निघाला. मग मिल्नर यांनी वाडा चाचणीत स्मरणाची परीक्षा घातली. एक अर्धा झोपलेला असताना काही वस्तू दाखवायच्या आणि औषध उतरल्यावर ‘मघाशी काय पाहिलंत?’ असं विचारायचं. ज्याला आठवत नाही, त्याचा जागा राहिलेला अर्धा एकट्याने स्मरणाचं ओझं पेलू शकणार नाही. माझ्या मते चाचणीचा खरा जन्म इथे झाला. वाडा यांनी दार दाखवलं आणि त्यातून काय काय पाहता येईल ते मिल्नर यांना दिसलं.

तरी ती निर्दोष नाही. हिप्पोकॅम्पसला रक्त मुख्यतः मागच्या वेगळ्या धमनीतून मिळतं. कॅरोटिडमधून सोडलेलं औषध तिथवर नीट पोचत नाही, म्हणून स्मरणाच्या निकालावर वाद होत राहिले. धमनीत नळी घालण्यात पक्षाघाताचा थोडा धोका असतोच.

डावखुऱ्यांबद्दलचा नियम मात्र तिने निकालात काढला. रास्मुसेन आणि मिल्नर यांनी १९७७ मध्ये, लहानपणी डाव्या मेंदूला इजा न झालेल्या रुग्णांचे आकडे दिले. उजव्या हाताच्या ९६ टक्क्यांची भाषा डावीकडे निघाली. डावखुऱ्यांतही ७० टक्के डावीकडेच होते. उरलेल्यांत १५ टक्क्यांची उजवीकडे आणि १५ टक्क्यांची दोन्हीकडे. शंभर वर्षं ज्याला आरशातलं प्रतिबिंब मानलं, ते प्रतिबिंब नव्हतंच.

बाजू कळली तरी नेमकी जागा कळत नाही. त्यासाठी पेनफिल्ड यांचीच रीत पुढे गेली. काही ठिकाणी इलेक्ट्रोडची जाळी मेंदूवर बसवून रुग्णाला काही दिवस रुग्णालयात ठेवतात आणि खाटेवरच नावं विचारतात. सिएटलच्या जॉर्ज ओजेमन यांनी १९८९ मध्ये ११७ रुग्णांचे विजेच्या स्पर्शाने काढलेले नकाशे एकत्र छापले. भाषेच्या जागा लहान निघाल्या, आणि माणसागणिक वेगळ्या. पुस्तकात ब्रोका आणि वेर्निके यांच्या नावाने आखलेल्या भाषेच्या चौकटींवर विसंबून कुणी कापायला जाऊ नये, हे त्यातून पक्कं झालं.

आता वाडा चाचणी उताराला लागली आहे. एका काळात अमायटलच मिळेना, तेव्हा मेथोहेक्झिटल, एटोमिडेट अशी पर्यायी औषधं आली. दुसरीकडे फंक्शनल एमआरआय आला. रक्तातल्या प्राणवायूवरून मेंदूचा कामात असलेला भाग टिपण्याचं हे तंत्र १९९० मध्ये मांडणारे सेइजी ओगावा हेही जपानीच. १९९६ मध्ये मिलवॉकीच्या जेफ्री बाइंडर यांनी त्याचे निष्कर्ष वाडा चाचणीशी चांगले जुळतात असं दाखवलं, आणि २०१७ मध्ये अमेरिकन न्यूरॉलॉजी अकादमीने टेम्पोरल अपस्मारात भाषेची बाजू ठरवायला तो पर्याय म्हणून विचारात घेता येईल असं सांगितलं. स्कॅनरमध्ये सुई नाही, धोका नाही. पण दोघांचा प्रश्न वेगळा आहे. बोलताना कोणकोणते भाग राबतात ते एमआरआय सांगतो. कोणता भाग नसला तर बोलणं अडेल, हे तो भाग बंद केल्याशिवाय समजत नाही. म्हणून अवघड रुग्णांसाठी वाडा यांची सुई अजून बाहेर निघते.

माँट्रियलचा धागा भारतातही आला. पेनफिल्ड यांच्याकडे शिकलेले जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला, मुंबईचे डॉ. राम गिंडे हेही माँट्रियलमध्ये शिकलेले. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून अपस्मार-शस्त्रक्रियेचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. आपल्याकडे अडचण येते ती चित्रांची. नाव सांगण्याच्या प्रसिद्ध बोस्टन चाचणीत ६० चित्रं आहेत, त्यांत इग्लू आहे, बीव्हर आहे, प्रेट्झेल आहे. सांगलीच्या शेतकऱ्याला बीव्हरचं नाव आलं नाही, तर तो मेंदूचा दोष कसा धरणार? इथे पाटा, सूप, बैल, टोपली अशीच चित्रं हवीत. त्यातही आपला माणूस घरी मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत इंग्रजी बोलतो. ओजेमन आणि व्हिटेकर यांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं, की दोन भाषा बोलणाऱ्याच्या मेंदूत काही जागांवर वीज दिली की एकच भाषा अडते, दुसरी चालू राहते. तेव्हा शस्त्रक्रियेआधी त्याला किल्ली दाखवायची ती तिन्ही भाषांतून.