पोरीचं वय आणि धर्माचं राजकारण

रोवणीला बांधीत उतरलो की आम्ही नाकाडोंगरीच्या बाया पोरींच्या लग्नाचं बोलतो. याच विषयावरून एकेकाळी पुण्याच्या राजकारणात दोन तट पडले.

१८९० मध्ये कलकत्त्याची दहा-अकरा वर्षांची फुलमणी नवऱ्याच्या बळजबरीनं दगावली. १८९१ मध्ये कायद्यानं संमतिवय दहावरून बारा केलं. रानडे, भांडारकर बाजूनं बोलले. परक्या सरकारनं धर्मात हात घालू नये, म्हणून टिळक विरोधात गेले. सनातनी त्यांच्यामागं एकवटले. १८९५ ला पुण्यात काँग्रेस भरली, तेव्हा विरोधामुळे रानड्यांची सामाजिक परिषद मंडपाबाहेर भरली.

धर्मरक्षणातून राजकारण उभं राहिलं, पोरीचं दुखणं बाहेरच राहिलं. म्हणून धर्माचं नाव निघालं की आम्ही आधी विचारतो: पोरीचं काय?